चौथ्या भागात डॉक्टर येतो : सोबती गेल्यावर फॅनफिक नायिकेचं काय करतं?

किनारपट्टी

वेंगुर्ल्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दुपारी दीड ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही, सगळा गाव बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून आडवा झालेला असतो. त्या वेळात मी मोबाइलवर फॅनफिक वाचते. हा शब्द नवीन असेल त्यांच्यासाठी: आवडलेल्या मालिकेतली, पुस्तकातली पात्रं उचलायची आणि त्यांची पुढची, मधली किंवा पार वेगळी गोष्ट आपण लिहायची. हौसेने, फुकट.

माझा जीव जडलाय तो 'झीना' ह्या इंग्रजी मालिकेवर. १९९५ ते २००१, सहा सीझन, १३४ भाग. योद्धी झीना, आणि तिच्याबरोबर गावोगाव फिरून तिच्या गोष्टी लिहून ठेवणारी गॅब्रिएल. शेवटच्या भागात झीना जपानमध्ये मरते. गॅब्रिएल तिची रक्षा घेऊन फुजी पर्वतावरच्या झऱ्यापाशी पोचते. सूर्य बुडायच्या आत रक्षा पाण्यात पडली की झीना परत येणार असते, आणि ऐन वेळी झीनाच तिचा हात धरते. चाळीस हजार आत्मे सुटायचे असतील तर मला मेलेलंच राहू दे, म्हणते. मग बोटीवर गॅब्रिएल, शेजारी झीनाचं भूत, आणि मालिका खलास.

चाहते भडकले ते भडकलेच. काहींनी मिळून पुढचे अख्खे सीझन लिहून काढले. गेली वीसहून जास्त वर्षं लोक त्या बोटीवरून गॅब्रिएलला उतरवून घेतायत. मी त्यातलं जमेल तितकं वाचलंय आणि माझी तक्रार अशी, की तिला धड रडू कोणीच देत नाही. बहुतेक जण रक्षा झऱ्यात टाकूनच मोकळे होतात. ह्याला 'फिक्स-इट' म्हणतात, म्हणजे मूळ लेखकाने मोडलेलं आपण जोडून घ्यायचं. उरलेल्यांतले निम्मे तिला झीना करून टाकतात: झीनाचं तेच फेकून मारायचं चक्र हातात, तोच करारी चेहरा, तीच भाषा. जणू मेली ती गॅब्रिएलच. आणि राहिलेल्यांत तिसऱ्या-चौथ्या भागात कोणीतरी येतं. प्रेमळ, समजूतदार, जखमेवर लेप लावणारं. भाग आठमध्ये चुंबन.

आता माझं दुकान. टेबलाच्या पलीकडे वर्षभर बायका बसतात. मृत्यूचा दाखला, वारस नोंद, संजय गांधी निराधारचा अर्ज. नवरा जाऊन पंधरा दिवस झालेले, हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात त्याचं आधार, रेशनकार्ड, लाइट बिल आणि एक पासपोर्ट फोटो, ज्यात तो वीस वर्षांनी लहान. मी त्यांना विचारते, मयताशी नातं? त्या माझ्याकडे बघतात. ते बघणं मी अजून एकाही फिकमध्ये वाचलेलं नाही. हजारो नायिकांचे साथीदार गेले, पण एकीलाही एकवीस दिवसांत मृत्यूची नोंद करायला धावावं लागलं नाही.

कबुली शेवटी देते. मीही एक लिहितेय. झीनाच्या चाहत्यांत 'ऊबर' नावाचा प्रकार आहे (टॅक्सी नव्हे): तीच जोडी, पण काळ वेगळा, गाव वेगळं, नावं वेगळी. माझी जोडी मालवणात आहे. जना पर्यटकांची होडी किल्ल्यावर नेते, गौरा खानावळ चालवते आणि रात्री हिशेबाच्या वहीच्या मागल्या पानांवर जनाच्या गमजा लिहिते. दुसऱ्या भागात जना गेली. तिसऱ्यात गौरा रडली. चौथ्यात कुडाळहून एक डॉक्टर आला.

मला त्याचं काय करावं कळत नाहीये. सांगा.

सुकट_बांगडा

वाचनखूण साठवली. डॉक्टरला इंजेक्शन द्या.

गुहागरचा_पुणेकर

चांगला धागा. एक शंका, हलके घ्या. तुम्ही शीर्षकात 'सोबती' म्हणता, पुढे 'साथीदार' म्हणता, फॉर्मच्या परिच्छेदात सरळ 'नवरा' येतो. ह्या तीन गोष्टी आहेत आणि फॅनफिक त्यांना वेगवेगळं वागवतं. नवरा गेला की नायिकेला दुसरा नवरा. लढाईतला साथीदार गेला की सूड. आणि मैत्रीण गेली की बऱ्याचदा काहीच नाही, पुढच्या प्रकरणात ती हसतखेळत. मैत्रिणीचं सुतक नसतं ना.

अवांतर: आमच्या आत्याच्या नावामागे लग्नपत्रिकेत 'गं. भा.' छापायचे. लहानपणी मला ती पदवी वाटायची, बी.ए. सारखी. एप्रिल २०२३ मध्ये विधवांना सरकारी कागदावर 'गंगा भागीरथी' म्हणायचा विचार पुढे आला होता आणि लोकांनी तो हाणून पाडला, तेव्हा आत्या म्हणाली, मला आधी विचारलं असतं तर मी आडनाव तेवढं नीट लिहा म्हटलं असतं.

शंभर_नंबरी

फिक्स-इटवर एवढा राग नको हो ताई. मी त्याच गोटातली.

३ मार्च २०१६. 'द हंड्रेड' मालिकेत क्लार्क आणि लेक्सा शेवटी एकत्र येतात आणि काही मिनिटांत लेक्साला गोळी लागते. दुसऱ्यावर झाडलेली, चुकून. मी तेव्हा अकरावीत, रत्नागिरीत होस्टेलवर, चादरीत मोबाइल घेऊन बघत होते. त्या रात्री आम्ही जगभरच्या अनोळखी पोरी एकमेकींना मेसेज करत होतो. दोन बायकांचं प्रेम पडद्यावर आलं की त्यातली एक मरणार हे इतक्या वेळा झालं होतं, की ह्या प्रकाराला स्वतंत्र नावच पडलंय. चाहत्यांनी भांडण केलं, हॅशटॅग चालवले, आत्महत्या रोखणाऱ्या संस्थेसाठी मोठी रक्कम गोळा केली. आणि लिहिलं. लेक्सा वाचलेल्या हजारो गोष्टी.

त्या गोष्टी क्लार्कसाठी नव्हत्या. आमच्यासाठी होत्या. सतरा वर्षांच्या मुलीला 'आता ती दाखला काढायला गेली' हे वाचायचं नव्हतं, 'गोळी भिंतीला लागली' एवढंच वाचायचं होतं. मला अजूनही तेच वाचायचं असतं कधी कधी.

पण तुमचं एक पटतं. आर्काइव्ह ऑफ अवर ओन ह्या फॅनफिकच्या साइटवर ज्या थोड्या सूचना ठरवून दिल्यात त्यात 'मुख्य पात्राचा मृत्यू' ही एक आहे. वाचायच्या आधी कळतं की कोणीतरी मरणार. मागे राहणाऱ्या पात्राबद्दल मात्र सूचना नाही. खरं म्हणजे तीच वाचताना जास्त लागते.

चाकरमानी_डब्यातून

मी दादर-सावंतवाडी गाडीत उभ्याने हे टंकतोय म्हणून थोडक्यात. दिवसभर ऑफिसात फॉर्म, घरी सोसायटीचे फॉर्म, आता फिकमध्येपण फॉर्म? आम्हाला डॉक्टर पाहिजे. देखणा पाहिजे. कुडाळला दवाखाना आणि स्वतःची जीप पाहिजे.

सुकट_बांगडा

+१ जीपला.

दशावतारी_नाद

माका तुमचे ते टॅग-बिग काय कळणत नाय. पण इतके प्रतिसाद इले आणि वृंदेचा नाव कोणाच्या तोंडात येवक नाय, ह्या बघून गंमत वाटली.

आता सगळ्यांना कळावं म्हणून पुस्तकी मराठीत लिहितो. सिंधुदुर्गात दशावताराची मंडळं कार्तिकापासून जत्रा करत फिरतात. पालखी झाली की मध्यरात्री नाटक उभं राहतं ते पहाटे दहीकाल्यापर्यंत. लिहिलेली संहिता नसते. कथानक आधी ठरतं, कोण कधी येणार ठरतं, आणि पुढची भाषा नट उभ्या उभ्या रंगमंचावर तयार करतात. पुराणातलं पात्र घ्यायचं आणि आपल्या पदरचं बोलायचं. तुमच्या व्याख्येत हे बसतं की नाही ते तुम्ही ठरवा. बायकांची कामं पुरुष करतात, आम्ही त्यांना स्त्रीपार्टी म्हणतो.

वृंदा-जालंधर हे आमच्याकडचं पेटंट आख्यान. वृंदेच्या पातिव्रत्यामुळे जालंधर मरत नाही, म्हणून विष्णू जालंधराचं रूप घेऊन तिला फसवतो, आणि मग जालंधर पडतो. वृंदा विष्णूला शाप देते, दगड हो. स्वतः जळून जाते, तिथे तुळस उगवते. आता बघा पुढच्या लोकांनी काय केलं. दर कार्तिकात द्वादशी ते पौर्णिमा आपण तिचं लग्न लावतो. वृंदावनात ऊस आणि दिंड्याची काठी उभी करतो, चिंचा-आवळे ठेवतो, मंगलाष्टका म्हणतो, पोरं चुरमुऱ्यांसाठी टपून बसतात. आणि लग्न कोणाशी? ज्याने फसवलं त्याच्याशी! ताई, तुमचा डॉक्टर निदान निरपराध तरी आहे.

एक रात्र सांगतो. कुडाळकडची जत्रा, थंडी मरणाची, मी मृदंगावर होतो. जालंधर पडला. इथे स्त्रीपार्टी धावत येते, एक हंबरडा, लगेच शाप. लोक शापाची वाट बघत असतात, कारण शापाला टाळी असते आणि हल्ली तिथे ट्रिकसीनचा धूरही सोडतात. त्या रात्री वृंदा झालेला नट धावला नाही. हळू आला. जालंधराचा मुकुट बाकाखाली गडगडत गेला होता, तो वाकून उचलला, पदराने पुसला. मग बाकावर जालंधर बसायचा त्या जागी मुकुट ठेवला आणि स्वतः शेजारी बसला. नुसता बसला. पेटीवाला सूर धरून माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. किती वेळ गेला माहीत नाही, मंडपात शेंगदाणे खाल्ल्याचा आवाज थांबला एवढं आठवतं. मग तो उठला आणि शाप दिला. शांतपणे, न ओरडता.

पहाटे रंग उतरवताना मालकाने त्याला वेळ खाल्ला म्हणून झापला. पुढच्या जत्रेत परत धावत आला बिचारा.

किनारपट्टी

अंगावर काटा आला. मुकुट पुसला हे मी चोरणार आहे, आधीच सांगते.

तळ्यात_मळ्यात

आता फक्त व्यास-वाल्मीकींना फॅनफिक लेखक म्हणायचं बाकी राहिलंय. पुराणं ही श्रद्धेची गोष्ट. तुमच्या झीना-बिनाच्या पंगतीत त्यांना बसवू नका. दशावतारी नट पूजा करून मुखवट्याला हात लावतात, मोबाइलवर लोळत नाहीत.

दशावतारी_नाद

पूजा करतो हे खरं. त्याच पेटाऱ्यातून तोच संकासुर काढून गावच्या सरपंचाची टिंगल करतो हेही खरं. दोन्ही चालतं आमच्याकडे.

आजोळ_अलिबाग

पंगतीच्या वादात न पडता: ताराबद्दल कोणी बोलेल का?

वालीची बायको. वाल्मीकी रामायणात ती वालीला आधीच बजावते, सुग्रीव एवढा मार खाऊन पुन्हा आव्हान देतोय म्हणजे त्याच्यामागे कोणीतरी आहे, जाऊ नको. तो जातो. वाली पडल्यावर ती रामाला म्हणते, त्याच बाणाने मलाही मार. एवढा आकांत. मग सुग्रीवाचं राज्य, पाऊस, राम चार महिने डोंगरावर थांबतो. पाऊस संपतो, सुग्रीव शब्द विसरून रंगमहालात, लक्ष्मण संतापून किष्किंधेत शिरतो, आणि त्याला सामोरी कोण येते? तारा. आता ती सुग्रीवाच्या घरात आहे, आणि असं गोड, असं मुद्देसूद बोलते की लक्ष्मणाचा पारा उतरतो.

मधले चार महिने कुठे आहेत? ती तिथून इथे कशी आली? मुलगा अंगद हाताशी, नवऱ्याला मारवणारा दीर सिंहासनावर, बाहेर धो धो पाऊस. वाल्मीकी पावसाचं वर्णन करतात, फार सुंदर करतात, पण ते रामाच्या विरहाचं. ताराच्या खिडकीतून तो पाऊस दिसत नाही. फॅनफिक लिहायला ह्याहून मोठी फट मला माहीत नाही. आणि आपल्याला ते चार महिने कळायला हवेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, जाळी आढ्याला, घरात सगळी माणसं कोंडलेली. ज्या घरात एक माणूस कमी झालंय तिथे तो पावसाळा कसा जातो हे इथे कोणाला सांगायला नको.

वाळूतली_खेकडी

मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. वरचं शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहितेय.

माझे वडील नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळात गेले. गेले म्हणजे आले नाहीत. हर्णैच्या बाजूचं आमचं गाव. बोट सापडली नाही, वडील सापडले नाहीत. मी नऊ वर्षांची होते.

फिकमध्ये नायिकेला निदान कळतं. बाण लागतो, गोळी लागते, रक्षा हातात येते. माझ्या आईला तारीखच नव्हती. शेजारच्या बायका दहाव्या दिवसापासून घुटमळायला लागल्या, बांगड्या कधी? आई म्हणाली, तो आला आणि माझे हात मोकळे दिसले तर काय सांगू? बायका गेल्या. महिन्याने परत आल्या. तिने तेच सांगितलं. मग कोणी आलं नाही. कुंकू ती लावायची, पण पूर्वीपेक्षा लहान. हे मला फार उशिरा लक्षात आलं, जुने फोटो बघताना.

ती पाटी घेऊन बाजारात आधीही बसायची, तशीच बसत राहिली. संध्याकाळी वाळूत लिलाव व्हायचा, होडीतून आणि बैलगाडीतून मासळी यायची, ही उभी राहून बोली लावायची. आधी वडिलांच्या बोटीची मासळी घरचीच असायची. आता दुसऱ्यांची विकत घ्यायची. पहिल्या दिवशी बोली लावताना तिचा आवाजच फुटेना, असं मावशी सांगते. आईला विचारलं तर म्हणते, छे, सुरमई महाग होती म्हणून गप्प होते.

वडिलांचं नाव रेशनकार्डावर तसंच राहिलं. त्यांच्या वाटचं धान्य येत होतं आणि आई ते वेगळ्या डब्यात ओतायची. शिजवायची ते आमच्यासाठीच, पण आधी त्या डब्यात. पुढे आधार जोडायची वेळ आली आणि नाव कमी झालं. ती आजही म्हणते, तुझे बाबा समुद्रात गेले नाहीत, त्या ऑफिसात गेले.

कायद्याने सात वर्षं थांबायचं. २०१६ मध्ये वकील केला. भटजींनी सांगितलं, शास्त्राने बारा वर्षं. २०२१ मध्ये पालाशविधी केला, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. आई त्या पुतळ्याकडे बघून मला हळूच म्हणाली, उंची चुकली गो.

तर कायदा सात वर्षं, शास्त्र बारा, आणि तुमच्या गोष्टीत चौथा भाग. म्हणून हसू आलं, राग नाही.

आणि अजून एक, कारण ते लपवलं तर मी खोटी ठरेन. सहाव्या वर्षी एक ट्रकवाले काका यायला लागले. आईच्या खोक्यांना बर्फ पुरवायचे, माल कोल्हापूरला न्यायचे. ते चहा प्यायचे, आई भाव सांगायची, दोघं सरकारला शिव्या घालायचे. गाव बोललं. लग्न-बिग्न काही झालं नाही. पण बाकीच्यांकडून बर्फाचे पैसे रोख घेणारा माणूस आईकडून महिनाअखेरीला घ्यायचा, आणि कधी मागितले नाहीत. तेव्हा डॉक्टर येऊच नये असं माझं म्हणणं नाही. तो लेप घेऊन येतो तिथे मला खोटं वाटतं. बर्फ घेऊन आला तर मी वाचेन.

शंभर_नंबरी

उंची चुकली गो.

मी फिक्स-इटच्या बाजूने जे लिहिलं ते मागे घेत नाही. पण आज दुसरं काही वाचणार नाही.

चाकरमानी_डब्यातून

जीप परत घेतो. ट्रक चालेल.

तळ्यात_मळ्यात

पालाशविधीचं वर्णन बरोबर आहे. वाळूतली_खेकडी, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

वकिलीण_चिपळूण

सात वर्षांबद्दल लोकांत गैरसमज फार, म्हणून लिहिते. हे पुराव्याच्या जुन्या कायद्यातलं कलम १०८, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १११. ज्यांना त्या माणसाची खबर लागायलाच हवी होती त्यांनाही सात वर्षं खबर नसेल, तर तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. एवढंच. तो नेमका कोणत्या दिवशी गेला हे कायदा गृहीत धरत नाही, ते ज्याला हवं त्याने वेगळं सिद्ध करायचं. म्हणजे आईंना तारीख नव्हती, ती कायद्यानेही दिली नाही.

धागाकर्तीच्या जना-गौरासाठी: तुम्ही दोघींना नक्की काय ठरवलंय? मैत्रिणी की त्याहून जास्त? कागदावर फरक पडत नाही, कारण दोन्ही बाबतीत गौरा कोणीच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थमंत्रालयाने एवढं स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला अडकाठी नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मी अशिलांना रोज सांगते. होडी कोणाच्या नावावर होती? जनाचा भाऊ-बिऊ आहे का? असेल तर तो पाचव्या भागात येईल. डॉक्टरपेक्षा नक्की आधी येईल.

गुहागरचा_पुणेकर

कथेला खलनायक मिळाला. वकिलीणबाई, फी किती?

वकिलीण_चिपळूण

दोन डझन हापूस. खरा देवगड, बॉक्सवर छापलेला नको.

किनारपट्टी

दोन दिवस दुकानात गर्दी होती, उत्तर द्यायला उशीर झाला. सगळ्यांचं वाचलं. खेकडीताई, तुमचं तीनदा वाचलं आणि शटर अर्धं ओढून बसले थोडा वेळ.

डॉक्टर काढला. पूर्ण भाग चार खोडला. मागच्या आठवड्यात ज्या वाचकांनी 'लवकर लग्न लावा' लिहिलं होतं त्यांच्या शिव्या खाईन. गॅब्रिएलबद्दल मी जे म्हणत होते ते मला स्वतःलाच लिहिता येत नव्हतं, कारण मी गौराला घराबाहेर काढत होते, माणसं भेटवत होते. तिला दुकानात आणायचं सुचलं नाही. रोज समोर बसतात तरी.

मैत्रिणी की जास्त, हे वकिलीणबाई, मला माहीत आहे आणि गौराला माहीत आहे. मालवणात बाकी कोणाला माहीत असायची गरज मला वाटली नव्हती. आता वाटतेय.

नवा भाग चार, कच्चा आहे, एक तुकडा टाकते:

*जना तिसऱ्या दिवशी निवतीच्या वाळूत सापडली होती. अठराव्या दिवशी गौरा दुकानात आली. खानावळीचा वास पदराला तसाच होता, फक्त आज त्यात कोकम नव्हतं. तिने पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडला, पानावर वाढतात तसा, डावीकडून. शेवटी जनाची टोपी काढली. 'लाइफगार्ड' लिहिलेली, मीठ धरून पांढरी झालेली. ती पदराने पुसली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली.*

*"ह्याची झेरॉक्स नको," ती म्हणाली.*

*मुलीने नाव टाइप केलं, वय टाइप केलं, पत्ता टाइप केला. पत्ता दोघींचा एकच होता.*

*"मयताशी नातं?"*

*"तुझ्याकडे काय काय आहे?"*

*मुलीने स्क्रीन तिच्याकडे वळवली. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण. शेवटी इतर.*

*गौराने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. खानावळीत नवं गिऱ्हाईक मेन्यू वाचतं तशी.*

*"इतर कर. पुढे लिहायला जागा आहे?"*

*"आहे. वीस अक्षरं."*

*जिने हिशेबाच्या सहा वह्या मागल्या बाजूने भरल्या होत्या, तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. बाहेर कोणीतरी शटरवर टकटक करून विचारलं, झेरॉक्स चालू आहे का. मुलीने हाताने थांबा म्हणून खूण केली.*

इथे अडलेय. ती काय लिहिते ते मला अजून सापडलेलं नाही. 'सोबती' फार पुस्तकी, गौरा तसं बोलणार नाही. 'मैत्रीण' लिहिलं तर भाऊ हसेल.

दशावतारी_नाद

'जोडीची' लिही गो. आमच्यात बैलाक म्हणतत, होडीक म्हणतत, माणसाक पण म्हणतत. जोडीची गेली काय दुसरी जुपाक येणा नाय लगेच.

वाळूतली_खेकडी

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वीस अक्षरं कशाला, आधी तिला बस म्हण, पाणी दे.

सुकट_बांगडा

वीस अक्षरांत स्पेस धरायची का?

किनारपट्टी

धरायची. पोर्टल धरतं.